नासलेल्या दुधाचे मोल

झाशी म्हटले की मराठी माणसाला राणी आठवते, आणि बहुधा तेवढ्यावरच त्याची झाशी संपते. मुंबईहून दिल्लीला जाताना अपरात्री गाडी या स्थानकात थांबते. 2021 च्या डिसेंबरात स्थानकाला मिळालेले ‘वीरांगना लक्ष्मीबाई’ हे नाव फलकावर वाचून तो मनोमन हात जोडतो आणि पुन्हा कुशीवर वळतो. सरकारी नोकरीच्या निमित्ताने मला या जिल्ह्यात काही काळ राहावयास मिळाले, त्यामुळे झाशीची आणखी एक ओळख झाली. ती किल्ल्याच्या बुरुजांची नव्हे, तर सकाळी सकाळी सायकलींच्या आणि मोटारसायकलींच्या दोन्ही अंगांना लोंबत शहरात शिरणाऱ्या दुधाच्या बरण्यांची आहे.

बुंदेलखंड हा कोरडा मुलूख. जमीन कोठे तांबडी व खडकाळ, कोठे काळी. पाऊस येतो तो सगळ्यांच्या अंदाजापेक्षा वेगळा. अशा ठिकाणी तीळ, भुईमूग, उडीद, हरभरा, वाटाणा ही पिके साधली तर साधली. परंतु दावणीची म्हैस मात्र, चारा मिळेल तोवर, रोज काहीतरी देते. चाऱ्याचा प्रश्न देशाने किती गंभीर मानला याची खूण झाशीतच आहे: भारतीय गवत व चारा संशोधन संस्था 1962 साली येथेच स्थापन झाली. या संस्थेने भदावरी जातीच्या म्हशीच्या जतनाचे कामही केले आहे. ही म्हैस तांबूस रंगाची, आकाराने बेताची, थोड्या चाऱ्यावर निभावणारी. दूध थोडे देते, पण त्यात स्निग्धांश सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही पुष्कळ अधिक. आपल्याकडे पंढरपुरी म्हशीचा जसा अभिमान, तसा इकडे भदावरीचा.

आता प्रश्न असा की, हे दूध शेतकऱ्याच्या घराने दूध म्हणूनच विकावे, की त्याचे पनीर, खवा, तूप असे काही करून विकावे? सल्ला देणारे पुष्कळ आहेत आणि ते सगळे एकच शब्द उच्चारतात: मूल्यवर्धन. मी स्वतः सरकारी बैठकांत हा शब्द इतक्या वेळा ऐकला आहे की, तो कानावर पडला की मला आधी त्याचा हिशेब पाहावासा वाटतो. आजच्या भाषणात तो हिशेब आपल्यापुढे मांडावा, असा विचार आहे.

तत्पूर्वी एक शब्दाची गंमत सांगतो. हिंदी भाषक दूध ‘फाडतो’. ती त्याची कृती आहे, जशी कापड फाडण्याची. मराठी घरात दूध ‘नासते’. म्हणजे ते आपण होऊन बिघडते, आणि कोणी मुद्दाम तसे केले तरी आपण ‘नासवले’ असेच म्हणतो, नाशाची छाया शब्दातून जात नाही. आपल्या स्वयंपाकघरात दह्याला मान आहे, चक्क्याला मान आहे, खरवसाला तर शेजारीपाजारी वाटण्याइतका मान आहे. पण नासलेल्या दुधाला साखर घालून गुपचूप आटवून मुलांना देण्यापलीकडे स्थान नव्हते. झाशीतल्या जुन्या वस्तीत नेवाळकरांच्या काळापासून स्थायिक झालेली मराठी घराणी आहेत. त्यांतल्या एका घरी गेलो असता तेथल्या आजींनी मला सांगितले, “अहो, आमच्या सासूबाईंच्या वेळी दूध नासले की सकाळपासून कोणाचे तोंड पाहिले याची चौकशी व्हायची. आता नातसून रविवारी मुद्दाम नासवते आणि वर मटार घालते!” आजींच्या स्वरात तक्रार नव्हती. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतल्याचे मी पाहिले.

दूध फाडण्याची विद्या आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, असे एक मत आहे, आणि बंगालच्या छेन्याविषयी ते मोठ्या आग्रहाने मांडले जाते. परंतु बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तापलेल्या दुधात आंबट पदार्थ घालून ते वेगळे करण्याची आणि त्यापासून मिष्टान्न बनविण्याची रीत आलेली आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेले गाव. तेव्हा ही विद्या दूरची, असे आपण तरी म्हणण्याचे कारण नाही.

आता कृतीकडे वळू. ही कृती सोपी आहे, इतकी सोपी की, त्यातच तिचा धोका आहे. दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. त्या सर्वांवर सारख्याच जातीचा विद्युत्भार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात, आणि म्हणूनच दूध एकजीव दिसते. आंबट पदार्थ पडला की हा भार नाहीसा होऊ लागतो, कण परस्परांना चिकटतात, स्निग्धांशाला आपल्या जाळ्यात धरतात, आणि उरलेले हिरवट-पिवळसर पाणी वेगळे होते. या पाण्याला निवळी म्हणतात. पनीरसाठी दूध प्रथम जवळजवळ उकळीपर्यंत, नव्वद अंशांच्या आसपास, तापवतात. त्याने जंतू मरतात हे तर आहेच. पण आणखीही एक लाभ होतो. एरवी निवळीबरोबर वाहून जाणारी प्रथिने या उष्णतेने आपला आकार बदलून केसीनला चिकटतात, आणि ती पनीरमध्येच राहतात. वासराच्या जठरातील किंवा सूक्ष्मजंतूंपासून केलेल्या विरजणाने, म्हणजे रेनेटने, जे विलायती चीज बनते त्यात हा लाभ नसतो.

मग दूध सत्तर अंशांपर्यंत निववावे. घरात तापमापक असेल तर उत्तम. तो शे-दोनशे रुपयांत मिळतो आणि या धंद्यातला पहिला खर्च त्याच्यावरच करावा. सायट्रिक आम्ल, ज्याला आपण लिंबूसत्त्व म्हणतो, दर लिटरमागे सुमारे दोन ग्रॅम घेऊन गरम पाण्यात विरघळवावे आणि ते धार धरून, हलक्या हाताने ढवळीत दुधात सोडावे. निवळी स्वच्छ दिसू लागली की थांबावे. ती पांढरट असेल तर आम्ल कमी पडले, म्हणजे प्रथिनांचा काही अंश तिच्यातच राहिला. भराभर ओतले तर पनीर आंबट आणि कडक होते. दूध फार गरम असताना फाडले तर गोळा रबरासारखा होतो, फार निवल्यावर फाडले तर पाणी धरून ठेवतो आणि सुरीखाली भुसभुशीत होतो. फडक्यात बांधून पंधरा-वीस मिनिटे वजनाखाली ठेवावे. त्यास पाट्यावरचा वरवंटाही चालतो. नंतर थंड पाण्यात दोन-तीन तास बुडवून ठेवावे, म्हणजे वडी घट्ट होते.

यातली सगळी ग्यानबाची मेख त्या शेवटच्या तीन वस्तूंत आहे: फडके, हात आणि पाणी. दूध नव्वद अंशांवर निर्जंतुक केले, आणि मग कालच्या आंबूस फडक्यात ओतले, जखम झालेल्या बोटांनी दाबले व विहिरीच्या कच्च्या पाण्यात बुडवले, तर आरंभीची सारी तपश्चर्या वाया जाते. हातावरच्या फोडांतून आणि नाकातून येणारा एक जंतू अन्नात वाढताना असे विष सोडतो की, ते पुढे उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून फडके धुण्याच्या सोड्यात उकळून कडक उन्हात वाळवावे. झाशीत उन्हाला तोटा नाही. पाणी उकळून निववलेलेच घ्यावे. आणि कच्च्या दुधाचे चीज करण्याचा मोह कोणी परदेशी पुस्तके वाचून धरू नये. माल्टा बेटावर शिपायांना येणाऱ्या तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने 1887 साली शोधला, आणि शेळ्यांशी व त्यांच्या दुधाशी असलेला त्याचा संबंध 1905 साली थेमिस्टोक्लिस झमित यांच्या संशोधनातून उघड झाला. तो ताप आजही आपल्या गुराढोरांत आहे. युरोपातले मुरवलेले चीज महिनोन्महिने दहा-तेरा अंशांच्या तळघरात ठेवतात. आपल्या मुलखात तशी तळघरे निसर्गाने दिलेली नाहीत. जम्मूची कलाडी, बंगालचे बंडेल, पारशी घरांतले टोपली पनीर अशी आपली थोडी देशी चिजे आहेत, पण सपाटीच्या उष्ण प्रदेशात दूध तापवून, फाडून, ताजेच खाऊन टाकणे हीच रीत रूढ झाली. हवामान लक्षात घेता ती शहाणपणाची आहे.

दुधाचा एक मुद्दा राहिला. पनीरला सहा टक्क्यांच्या आसपास स्निग्धांशाचे दूध सर्वांत चांगले. भदावरीचे आठ टक्क्यांचे दूध एकटेच घेतले तर पनीर अतिशय मऊ होते आणि लोणी निवळीवाटे वाहून जाते. गाईचे दूध चार टक्क्यांचे धरले, तर दोन्ही समभाग मिसळून नेमके सहा येतात. बुंदेलखंडात ‘अन्ना’ नावाची प्रथा आहे: रब्बीचे पीक निघाल्यावर गुरे मोकळी सोडून द्यावयाची, चारा नसेल तेव्हा त्यांनी रानोमाळ पोट भरावे. पूर्वी ती उन्हाळ्यापुरती होती. पुढे कमी दूध देणारी गाय वर्षभर मोकळी सुटू लागली आणि शेजाऱ्याच्या पिकात शिरू लागली. त्या गाईच्या दोन लिटर दुधाला म्हशीच्या दुधाच्या जोडीने काही किंमत येत असेल, तर तिला दावणीला ठेवण्यास तेवढे एक कारण होते. एवढ्याने ही जुनी प्रथा मोडेल असे मी म्हणत नाही.

आता वळू हिशेबाकडे. सहा टक्के स्निग्धांशाच्या दहा लिटर दुधातून सुमारे दोन किलो पनीर निघते. म्हणजे एक किलो पनीरला पाच लिटर दूध. हा पाचपटीचा नियम गृहिणीने आणि ग्राहकाने, दोघांनीही पदराच्या गाठीला बांधून ठेवावा. समजा, दुधाचा भाव लिटरला 60 रुपये आहे. मग किलोभर पनीरात नुसत्या दुधाचेच 300 रुपये गेले. जळण, आम्ल, फडके, वाहतूक धरून 340. जो व्यापारी 220 रुपयांना पनीर देतो तो एकतर दानशूर आहे किंवा त्याच्या पनीरात दूध नाही. दानशूर व्यापारी माझ्या पाहण्यात फारसे आले नाहीत. बाजारात पाम तेल, दूध भुकटी आणि पिष्ट यांची वडी पनीर म्हणून खपते, ती या भावफरकातूनच. पिष्टाची परीक्षा घरीही होते: तुकडा पाण्यात उकळून निववावा आणि आयोडिनचा थेंब टाकावा; निळा रंग आला तर त्यात पिष्ट आहे. पण रंग पाहण्याआधी भाव पाहावा.

तर आपल्या गृहिणीने 400 रुपये किलोने पनीर विकले असे धरू. दहा लिटरच्या एका घाण्याचा खर्च 680, विक्री 800, सुटले 120. लिटरमागे बारा रुपये अधिक मिळाले. दोन तासांचे श्रम त्यात आहेत. वाईट नाही. परंतु पाचांपैकी एक घाणा बिघडला, किंवा विकला न गेल्याने फेकावा लागला, तर काय होते? चार घाण्यांचे 480 सुटले आणि पाचव्याचे 680 बुडाले. आठवडाभर राबून बाई दोनशे रुपयांनी खड्ड्यात गेली. मूल्यवर्धनाच्या व्याख्यानांत हा पाचवा घाणा कधी येत नाही.

आणि झाशीत पाचवा घाणा बिघडावयास फारसे कष्ट पडत नाहीत. 2024 च्या मे महिन्याच्या अखेरीस येथे पारा 49 अंशांपर्यंत चढला होता. ताजे पनीर शीतकपाटात सहा-सात दिवस टिकते. साध्या हवेत एक दिवस, आणि अशा हवेत दुपारपर्यंत टिकले तरी पुष्कळ. बरुआसागरच्या बाजूला, जेथे आले आणि भाजीपाला मोठ्या प्रमाणावर होतो, तिकडच्या एका खेड्यात पनीर करणारी एक बाई मला भेटली. मी विचारले, “बाई, सध्या काम बंद का?” ती म्हणाली, “साहेब, जेठ महिन्यात मी हे करीत नाही. सकाळी केलेले दुपारी घरच्यांनाच वाढावे लागते. कार्तिक लागला की मग बघा.” तिने कोठले प्रशिक्षण घेतलेले नव्हते, पण व्यवसायाचे मर्म तिने ओळखले होते. आपण बाजाराचे अंतर मैलांत किंवा किलोमीटरांत मोजतो. पनीरचा बाजार तासांनी मोजावयाचा असतो. जानेवारीत त्या बाईचा बाजार झाशीच्या सदर बाजारापर्यंत पोहोचतो, वैशाखात तो तिच्या गावाच्या वेशीवर संपतो. बर्फ घातलेली पेटी घेतली तर तो दोन-चार तासांनी वाढतो, मात्र बर्फाचा खर्च त्या बारा रुपयांतूनच जातो.

मोठ्या कारखान्याकडे शीतगृह आहे, गाडी आहे, जाहिरात आहे. घरच्या मालाकडे यांपैकी काही नाही. त्याच्याकडे असलेले भांडवल एकच: तो जवळचा आहे. घेणारा करणारीला ओळखतो, तिचा गोठा त्याने पाहिलेला असतो. कोल्हापूरच्या गंगावेशीतला दूधकट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते चटकन समजेल. तेथे गवळी म्हैसच रस्त्यावर आणून उभी करतो, गिऱ्हाइकासमोर धार काढतो आणि फेसाळ पेला हातात देतो. भेसळीची शंका घेण्यास मध्ये जागाच नाही. (धारोष्ण दूध प्यावे की नाही, याविषयी वर माल्टा बेटाच्या निमित्ताने बोललोच आहे, कोल्हापूरकरांशी वाद घालण्याचे धैर्य माझ्यात नाही.) घरच्या पनीरचा धंदा याच विश्वासावर चालतो. म्हणून आधी साय काढून तूप करावे आणि उरलेल्या दुधाचे पनीर पूर्ण भावाने विकावे, ही जी एका दुधाचे दोन भाव घेण्याची युक्ती आहे, ती शहरातल्या अनोळखी गिऱ्हाइकावर एखादे वेळी खपेल, पण गावात महिनाभरही चालणार नाही. त्या पनीरचा चिवटपणा जिभेला लगेच कळतो. कायदाही पनीरच्या शुष्क भागात निम्मा तरी स्निग्धांश असला पाहिजे असे सांगतो. त्याहून फार कमी असेल तर तसे नाव देऊनच ते विकले पाहिजे.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर सरकार आणि फाडलेले दूध यांचे नाते नेहमीच गोडीचे नव्हते, हेही सांगावयास हवे. दुधाच्या टंचाईच्या काळात, 1965 साली, पश्चिम बंगाल सरकारने छेन्याच्या मिठाईवर निर्बंध घातले. हेतू असा की, दूध मुलांच्या आणि आजाऱ्यांच्या मुखी जावे. मिठाईवाल्यांच्या बाजूने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अर्ज झाला. तो प्रलंबित असताना मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून भाषण करून या आदेशाचे समर्थन केले, आणि ते भाषण न्यायालयाचा अवमान ठरले. पुढे 1968 साली सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. आकाशवाणीवरून पनीरविषयी बोलणाऱ्या सरकारी नोकराने हा इतिहास ध्यानात ठेवलेला बरा; तूर्त यासंबंधी कोणताही खटला प्रलंबित नसल्याची मी खात्री करून घेतली आहे.

1970 साली सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेनंतर चित्र पालटले. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून दूध उत्पादनात भारत जगात अग्रस्थानी आहे आणि मिठाईवर बंदी घालण्याचे कारण उरले नाही. आता कायद्याचा रोख टंचाईवर नसून शुद्धतेवर आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाखालील नियम 2011 च्या ऑगस्टपासून अमलात आले. त्यांनी घरून पदार्थ विकणाऱ्या लहान उत्पादकालाही नोंदणी करावयास सांगितले; वर्षाला बारा लाख रुपयांच्या आतल्या उलाढालीला शंभर रुपये शुल्क त्या वेळी ठरले. शंभर रुपयांचा अडसर मोठा नाही. अडसर असतो तो अर्ज भरण्याच्या भीतीचा. मी या बाजूच्या टेबलावर बसतो, म्हणून सांगतो: अर्जात विचारलेले बहुतेक प्रश्न असे आहेत की, जी बाई फडके उकळते तिला त्यांची उत्तरे आधीच ठाऊक असतात. नोंदणीचा क्रमांक पुडीवर असला की शाळेची खानावळ, लग्नाचा आचारी, रेल्वे वसाहतीतले दुकान तिच्याकडून माल घेऊ शकते. एरवी त्यांना मनात असूनही घेता येत नाही. 2025 च्या 22 सप्टेंबरपासून पुडीबंद पनीरवरचा वस्तू व सेवा करही उठला आहे.

अमेरिकेतील काही राज्यांनी याहून वेगळी वाट धरली. कॅलिफोर्नियाने 2012 साली घरच्या स्वयंपाकघरात केलेले पदार्थ विकण्यास मुभा देणारा कायदा केला. मात्र मुरंबे, पाव, सुकवलेली फळे यांना ती मुभा आहे, थंडाव्यात ठेवावे लागणारे पदार्थ तिच्याबाहेर आहेत. चीज अर्थातच बाहेर. आपण तो भेद कायद्यात केलेला नाही, पण व्यवहारात केला तर बिघडणार नाही. ज्या घराला हा उद्योग नव्याने करावयाचा आहे त्याने पनीरपासून आरंभ करू नये, असे माझे मत आहे. आरंभ करावा तो बुंदेलखंडाच्या कोरड्या खाद्यांनी. उडदाच्या बऱ्या, कोहळा घालून केलेले सांडगे, पापड, करवंदाचे लोणचे, आवळ्याचा मुरंबा, मोहाची फुले आणि तीळ कुटून केलेला लाटा. मोहाची फुले म्हटली की आपल्याला दारूच आठवते. या मुलखात दुष्काळाच्या वर्षी त्या फुलांनी माणसे जगवली आहेत, आणि तिळाबरोबर कुटलेला लाटा खाल्ल्यावर साखरेच्या लाडवाची आठवण होत नाही. या वस्तू आठवडी बाजारात विकल्या नाहीत तर पुढच्या बाजारी विकता येतात. त्यांत पाचवा घाणा क्वचितच येतो. ताजा माल मात्र फारसा थांबत नाही. 2021 च्या जानेवारीत झाशीत चक्क स्ट्रॉबेरी महोत्सव भरला. महाबळेश्वरच्या थंड हवेतले फळ या तापलेल्या मातीत हिवाळ्यापुरते पिकू लागले आहे. तेही पिकल्यावर दोन-तीन दिवसांचेच पाहुणे. जे विकले जात नाही त्याचा त्याच संध्याकाळी मुरंबा झाला पाहिजे.

मग दुधाचे काय? 2019 साली झाशीत ‘बलिनी’ ही दूध उत्पादक महिलांची कंपनी उभी राहिली. बुंदेलखंडातल्या जिल्ह्यांतून ती दूध गोळा करते. गावातच संकलन केंद्र, तेथेच स्निग्धांशाची तपासणी, आणि पैसे बाईच्या स्वतःच्या बँक खात्यात. ज्या मुलखात बाईच्या नावावर जमीन क्वचितच असते तेथे तिच्या नावावर येणारी ही रक्कम लहान म्हणता येणार नाही. अशा केंद्राची सोय असेल तर रोजचे दूध तेथेच घालावे. भाव थोडा कमी मिळेल, पण धोका दुसऱ्याच्या शिरावर जातो. पनीर करावे ते मागणी आधी आली असेल तेव्हा: लग्नसराईत, दिवाळीच्या आठवड्यात, हिवाळ्यात शेजारच्या जालौन जिल्ह्यातला मटार बाजारात येतो तेव्हा. निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत. ओळखीच्या माणसाकडे आगाऊ मागण्याचा संकोच वाटतो खरा, तथापि वाया गेलेल्या घाण्याचे पैसे ओळखीचा माणूसही देत नाही. खव्याला जळण पुष्कळ लागते, परंतु तो पनीरहून अधिक टिकतो; मागणी दूरची असेल तेथे खवा, जवळची असेल तेथे पनीर, असा सोपा ठोकताळा चालू शकेल. यंत्रसामग्री घ्यावयाची झाल्यास 2020 साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी सुरू केलेल्या योजनेत कर्जाला जोडून 35 टक्के, कमाल दहा लाख रुपये, अनुदानाची तरतूद झाली. बचतगटातील बाईला बीजभांडवल म्हणून चाळीस हजार रुपयांपर्यंतची तरतूदही तीत होती. जिल्ह्याच्या उद्यान विभागात चौकशी केली की तिची सद्यःस्थिती कळते. पण कर्ज काढण्यापूर्वी निदान एक हिवाळा घरच्या पातेल्यात काढावा.

राहता राहिली निवळी. दहा लिटर दुधातून दोन किलो पनीर निघाले, तर उरलेले आठ लिटरच्या आसपास हेच पाणी आहे, आणि बहुतेक घरांत ते मोरीत ओतले जाते. त्यात दुधातली जवळजवळ सगळी साखर आणि काही क्षार असतात. मोरीत गेल्यावर ते आंबून दुर्गंधी सुटते, ओढ्यात गेल्यास पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. तिचे काही करणे आवश्यकच आहे. पोळ्यांची कणीक तिच्यात भिजवली तर पोळी मऊ राहते. बेसन लावून तिची कढी उत्तम होते. आंबटपणा तयारच असतो, फोडणीत मेथीचे दाणे आणि कढीपत्ता पडावा. डाळ शिजल्यावर तीत पाण्याऐवजी हीच घालावी, आधी घातल्यास आंबटपणाने डाळ शिजत नाही. एवढे करूनही पाच-सहा लिटर उरतेच. ती त्याच दिवशी, आंबून जाण्यापूर्वी, गव्हाच्या कोंड्यात कालवून म्हशीच्या आंबोणात थोडी थोडी द्यावी. पहिल्या दिवशी ती हुंगून मान फिरवते. तिसऱ्या दिवसापासून घमेले चाटून लख्ख करते.